दहाच द्या जी!

बँकेत, पोस्टात, विम्याच्या कचेरीत आणि गाड्यांच्या शोरूममध्ये एक तसबीर हमखास भेटते. वर गांधीजींचा हसरा बोळका चेहरा आणि खाली ग्राहकाचं माहात्म्य. ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत मोठा पाहुणा, तो आपल्यावर अवलंबून नाही, आपणच त्याच्यावर अवलंबून आहोत, वगैरे. वर्धा जिल्ह्यात ही तसबीर जरा जास्तच ऐटीत टांगलेली असते, आणि ते साहजिकही आहे. बापू म्हणजे घरचा माणूस, सेवाग्राम शहरापासून आठेक किलोमीटर. तसबिरीखालच्या सोफ्यावर कोटेशनची वाट पाहत बसलेल्या माणसाला वाटतं, इथे तरी आपल्याला कोणी फसवायचं नाही.

पंचाईत अशी की ते शब्द गांधीजींचे असल्याचा काही पुरावा सापडत नाही. बऱ्याच ठिकाणी त्याखाली दक्षिण आफ्रिकेतलं भाषण आणि १८९० साल असंही छापलेलं असतं. १८९० साली मोहनदास गांधी लंडनमध्ये कायद्याची पुस्तकं वाचत होते. दक्षिण आफ्रिकेत त्यांचं पाऊल पडलं ते १८९३ मध्ये. या मजकुराचा माग काढणाऱ्यांना तो सापडला १९४१ सालच्या ‘प्रिंटर्स इंक’ या अमेरिकी जाहिरातविषयक नियतकालिकात. बोलणारे गृहस्थ होते केनेथ एलियट, स्टुडबेकर या मोटार कंपनीचे विक्रीप्रमुख. म्हणजे गांधीजी सेवाग्रामच्या कुटीत सूत कातत होते तेव्हा एका मोटारविक्याने केलेलं भाष्य नंतर त्यांच्या नावावर जमा झालं आणि फिरत फिरत त्यांच्याच जिल्ह्यातल्या मोटारींच्या दुकानात येऊन भिंतीवर लटकलं. स्टुडबेकरने शेवटची मोटार १९६६ मध्ये बनवली. ग्राहकाला पाहुणा मानणाऱ्या कंपनीचे पाहुणे तोवर दुसऱ्यांच्या घरी जेवायला लागले होते.

या तसबिरीच्या शेजारी हल्ली दुसरी एक चौकट असते. तिच्यात सोनेरी अक्षरांत लिहिलेलं असतं: ग्राहक समाधानात देशात पहिला क्रमांक. पहिल्या चौकटीची ही गत, तर दुसरीवर विसंबून सात-आठ लाखांचं कर्ज काढावं का, हा प्रश्न विचारायला वर्ध्याइतकी योग्य जागा नाही.

जिल्ह्यात गाडी घ्यायचा हंगाम ठरलेला. सोयाबीन घरात आलं, कापसाचा पहिला वेचा झाला, चुकारे हातात पडले की दसरा आणि धनत्रयोदशी या दोन दिवसांत शोरूमच्या अंगणात जत्रा भरते. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर झेंडूचा हार, काचेवर स्वस्तिक, आणि मालकाच्या हातात पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली. खरी किल्ली तोपर्यंत मुलाच्या खिशात गेलेली असते. आजी मागच्या सीटवर बसून घेतात आणि उतरायचं नाव काढत नाहीत. फोटो होतो, पेढे होतात. मग विक्रेता मुलगा मालकाला हळूच बाजूला घेतो. त्याच्या चेहऱ्यावर लग्नातल्या मुलीच्या बापाचा भाव असतो.

‘‘काका, आठ दिवसांत कंपनीचा फोन येईन. ते विचारतीन, दहापैकी किती? तुम्ही दहाच द्या जी. नऊ म्हनलं तरी माहा पॉइंट कटते.’’

काका दिलदार. शिवाय मुलाने नुकतेच पायपुसणं, सुगंधी बाटली आणि गणपतीची छोटी मूर्ती फुकट दिलेली असते. दिवाळीनंतर एका दुपारी, काका बाजार समितीत मापाच्या रांगेत उभे असताना, फोन येतो. पलीकडून सुरेल हिंदीत विचारणा होते. मागे हमालांचा आरडाओरडा चाललेला असतो, काकांना निम्मं ऐकू येत नाही. ते ‘‘हो हो, दस, दस’’ म्हणतात आणि फोन ठेवतात. देशाच्या ग्राहक समाधानात वर्धा जिल्ह्याची एवढी भर पडते.

दहाचा हट्ट विक्रेत्याच्या हावरेपणातून आलेला नाही, हेही सांगायला हवं. २००३ मध्ये फ्रेड रायकेल्ड या अमेरिकी सल्लागाराने ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त एक लेख लिहिला. कंपनीने ग्राहकाला फार प्रश्न विचारू नयेत. आमची शिफारस तुम्ही मित्राला कराल का, एवढं विचारावं आणि शून्य ते दहामध्ये उत्तर घ्यावं. नऊ किंवा दहा देणारे ते आपले प्रचारक. सात-आठ देणारे ते काठावरचे, त्यांना मोजायचंच नाही. आणि शून्य ते सहा देणारे सगळे निंदक! प्रचारकांच्या टक्केवारीतून निंदकांची टक्केवारी वजा केली की कंपनीचा गुण निघाला. हिशेब इतका सोपा की बँकांपासून मोटारवाल्यांपर्यंत सगळ्यांनी तो उचलला.

आता हा हिशेब वर्ध्याच्या माणसाला लावून पाहावा. समजा, एक निवृत्त मराठीचे शिक्षक आहेत. त्यांनी नोकरीभर निबंधाला दहापैकी सहाच्या वर गुण दिले नाहीत. एकदा एका मुलीला साडेसहा दिले तर मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं. गुरुजी गाडी घेतात, गाडी आवडते, आणि फोनवर अंत:करणपूर्वक सात देतात. सात म्हणजे त्यांच्या लेखी पहिला वर्ग. तिकडे विक्रेत्याच्या खात्यावर भोपळा. गुरुजींनी एखाद्या गुणाने हात आखडता घेतला असता तर ते थेट निंदकांच्या यादीत गेले असते. ज्या मुलखात उत्तम जेवणाला ‘‘बरं झालं’’ म्हणतात, सुनेच्या हातच्या पुरणपोळीला ‘‘वाईट नाही’’ ही सर्वोच्च पदवी मिळते, आणि नव्या गाडीबद्दल विचारलं तर ‘‘चालून रायली ना, मंग झालं’’ एवढंच उत्तर येतं, तिथे अमेरिकी गुणपत्रिकेचं कसं जमायचं? विक्रेते हे अनुभवाने जाणतात. म्हणून ते मत विचारत बसत नाहीत, मत पढवतात.

या सगळ्या प्रकाराला सुरुवात मात्र बरीच सरळ झाली होती. जेम्स डेव्हिड पॉवर या गृहस्थाने १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात स्वत:ची सर्वेक्षण कंपनी काढली, जे. डी. पॉवर हे नाव आज मोटारींच्या जाहिरातीत जिथे तिथे दिसतं ते याचंच. आरंभी प्रश्नावल्या छापणं, पाकिटात भरणं, उत्तरं मांडणं ही कामं घरातल्या जेवणाच्या टेबलावर चालत. सत्तरच्या दशकात माझदाच्या रोटरी इंजिनांच्या गाड्यांबद्दलची उत्तरं लावताना त्यांच्या पत्नी पॉवरबाईंच्या लक्षात आलं की तीस हजार मैलांच्या पुढे गेलेल्या गाड्यांत दर पाचांतल्या एका मालकाला इंजिनाच्या एका रबरी कड्याने दगा दिला आहे. बातमी वर्तमानपत्रांत झळकली आणि मोटार कंपन्यांना कळलं की गाडीवाला पत्रं भरून पाठवतो ती वाचायची असतात. सर्वेक्षण विश्वासार्ह असतं ते असं. बाई पाकिटं फोडत होत्या, मालकांना कुणी पेढा दिला नव्हता आणि दहापैकी दहा द्या म्हणून विनवणारा त्यांच्या मागे उभा नव्हता.

पुढे धंदा वाढला. कंपनी स्वत:च्या खर्चाने पाहणी करते, तपशील मोटार कंपन्यांना विकते, आणि पहिला आलेल्याला ते बक्षीस जाहिरातीत मिरवायचं असेल तर त्याचीही फी घेते. परीक्षा घेणाऱ्यानेच नंतर पहिल्या आलेल्याला हारतुरे विकावेत, अशी ही व्यवस्था. त्यात लबाडी आहे असं म्हणता येणार नाही. पण दरवर्षी कुणी ना कुणी पहिला यावा, आणि जमल्यास प्रत्येक गटातून एकेक पहिला यावा, हे सगळ्यांच्याच सोयीचं असतं.

पाहण्याही एक ना दोन. नवी गाडी घेऊन दोन ते सहा महिने झालेल्यांना तिच्यातल्या कुरबुरी विचारायच्या आणि दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी, हा आकडा काढायचा, ही एक. सर्व्हिस सेंटरने कसं वागवलं ते विचारायचं आणि हजारपैकी गुण द्यायचे, ही दुसरी. विक्रीच्या अनुभवाची तिसरी. चौकटीत मात्र फक्त ‘पहिला क्रमांक’ मोठ्या अक्षरात असतो. कशात पहिला, ते वाचायला चष्मा लागतो.

त्या कुरबुरी मोजण्याचीही एक गंमत आहे. इंजिन बसलं तरी तक्रार एक, आणि पडद्यावर गाणं लागत नाही तरी तक्रार एकच. २००३ मध्ये अमेरिकेतल्या या पाहणीत हमर तळाला गेली. लष्करी गाडीची ती थोराड नागरी आवृत्ती. तिच्या मालकांची ठळक तक्रार काय, तर ही फार पेट्रोल पिते! हत्ती पाळून चाऱ्याचं बिल पाहून रडावं तसं हे. पेट्रोल पिणं हा काही बिघाड नव्हे, पण आकड्यात ती नापास. उलट ज्याने मुळातच फारशी अपेक्षा ठेवली नाही, त्याची गाडी कागदावर निरोगी राहते.

आणि हे दोन ते सहा महिने कोणते? वर्ध्यापुरतं बोलायचं तर दसऱ्याला घेतलेल्या गाडीचा सहावा महिना संपतो एप्रिलच्या आगेमागे. म्हणजे एसीची परीक्षा व्हायच्या आत निकाल लागलेला असतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, उन्हात उभ्या गाडीचं स्टिअरिंग रुमालाने धरावं लागतं, आणि हिंगणघाटहून निघालेला एसी जामचा चौरस्ता आला तरी पंख्याचंच काम करत असतो. जुलैत काळ्या मातीच्या पांदणीत चाकं रुततात, तेव्हा गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे ते कळतं. हे दोन्ही पेपर प्रश्नपत्रिकेत नाहीत. ही मंडळी विचारतात ती निवडक शहरांतल्या काही हजार मालकांना. तिथल्या गाडीला पांदण म्हणजे काय ते माहीत नसतं.

समाधान ही चीज मुळात गाडीत नसतेच, ती मालकाच्या डोक्यात असते. रिचर्ड ऑलिव्हर या अभ्यासकाने १९८० मध्ये याची मांडणी केली: माणूस आधी काहीतरी अपेक्षा धरून बसतो, वस्तू तिच्या वर गेली तर खूश, खाली राहिली तर नाराज. वर्ध्याला हे समजायला पुस्तक लागत नाही. बछराज हे वर्ध्याचे व्यापारी. त्यांनी ज्यांना नातू म्हणून दत्तक घेतलं ते जमनालाल बजाज. या बछराजांच्याच नावाने १९४५ मध्ये निघालेली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन पुढे बजाज ऑटो झाली. परवाना राजच्या काळात बजाजच्या स्कूटरचा नंबर लागायला आठ-आठ, दहा-दहा वर्षं लागत. मुलाच्या बारशाला नाव नोंदवलं तर त्याच्या मुंजीला स्कूटर दारात, असा हिशेब. ती घरी आली की तिला तिरकी करून किक मारावी लागते, याची तक्रार कोण करणार? किक मारल्यावर ती सुरू झाली की घरात दिवाळी. त्या काळी समाधानाची पाहणी झाली असती तर साऱ्या देशात दहापैकी बारा गुण मिळाले असते. आज चाळीस लाखांच्या गाडीचा मालक छताची काच सरकायला अर्धा सेकंद उशीर होतो म्हणून सहा देतो. यावरून स्कूटर त्या गाडीपेक्षा सरस होती, असं कुणी म्हणत असेल तर म्हणो बापडा.

ॲम्बॅसॅडरचंही तेच. २०१३ मध्ये बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ने तिला जगातली सर्वोत्तम टॅक्सी ठरवलं. बातमी वाचून पुढाऱ्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळ्यांचा ऊर भरून आला. विकत मात्र फारसं कुणी घेतली नाही. २०१४ च्या मे महिन्यात बंगालमधला तिचा कारखाना बंद पडला.

अपेक्षा कुठून तयार होते, याचं सगळ्यात चोख उदाहरण रस्त्यावरच फिरतं आहे. मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा. २०१९ मध्ये ग्लान्झा बाजारात आली तेव्हा ती बलेनोच होती, फक्त कपाळावरचं कुंकू बदललेलं. दोघींचा कारखाना सुझुकीचाच, इंजिन तेच. पुढे ब्रेझाची अर्बन क्रूझर झाली, अर्टिगाची रुमियन झाली. आता हीच गाडी एका दुकानातून घेणारा म्हणतो, मारुती आहे, पत्रा पातळच असणार. आणि दुसऱ्या दुकानातून घेणारा दार लावून म्हणतो, ऐका आवाज, जपानी काम आहे! दोघांना एकच प्रश्नावली पाठवली तर उत्तरं सारखी येतील यावर पैज लावायला कुणी धजणार नाही.

एकदा पैसे मोजले की माणूस गाडीचा वकील होतो. १९५७ मध्ये अमेरिकेत चार संशोधकांनी नव्या गाड्यांच्या मालकांना गाठून पाहिलं, तेव्हा एक मजेदार गोष्ट पुढे आली. ही मंडळी आपण नुकत्याच घेतलेल्या गाडीच्या जाहिराती इतर गाड्यांच्या जाहिरातींपेक्षा जास्त वाचत होती. घेण्याआधी वाचणं समजू शकतं, घेतल्यावर कशाला? तर आपण चूक केली नाही, हे स्वत:ला पुन्हा पुन्हा सांगायला. वर्ध्यात जाहिरात वाचायचीही गरज पडत नाही. गाडी दारात लागली की शेजारी येतो, टायरला लाथ मारतो आणि विचारतो, ‘‘केवढ्याले पडली?’’ पाठोपाठ दुसरा प्रश्न: ‘‘ॲव्हरेज किती देते?’’ खरं ॲव्हरेज चौदा असलं तरी मालकाच्या तोंडून अठरा बाहेर पडतं. शेजारी त्यातून आपोआप चार वजा करून घेतो. हा हिशेब दोघांना पाठ असतो, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही. फोनवरच्या मुलीला मात्र वजाबाकी माहीत नसते.

विचारून खरं कळतं यावर या जिल्ह्याचा विश्वास तसाही बेताचाच. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. उद्या कुणी घरोघर जाऊन ‘आपण घेता का?’ अशी पाहणी केली तर सगळा जिल्हा ताकावर जगतो, असा निष्कर्ष निघेल. स्थानिक वर्तमानपत्रांत पकडलेल्या पेट्यांच्या बातम्या येतात, त्या बहुधा ताकाच्याच असाव्यात.

मग या पाहण्या सगळ्या टाकाऊ? नाही. २०१४ सालाचीच गोष्ट घ्या. त्या वर्षी जे. डी. पॉवरच्या सर्व्हिसच्या पाहणीत मारुती सलग पंधराव्यांदा पहिली आली. त्याच वर्षी, जानेवारीत, ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय गाड्या भिंतीवर आपटून पाहिल्या होत्या. अल्टो, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो. मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाचही जणींना शून्य तारे मिळाले. अल्टो तेव्हा देशात सर्वांत जास्त विकली जाणारी गाडी. आता यातलं खरं काय धरायचं?

दोन्ही खरं. सर्व्हिसला नेलेली गाडी वेळेवर मिळते, बिल परवडतं, फिल्टर गावोगाव मिळतो, काउंटरवरचा माणूस नीट बोलतो, याबद्दल मालक जे सांगतो ते त्याने स्वत: अनुभवलेलं असतं. तिथे त्याचं मत सोळा आणे. पण टक्कर झाली तर आपल्या छातीवर स्टिअरिंग किती जोरात येईल, हे कोणत्या मालकाला ठाऊक असतं? ज्याला ठाऊक झालं तो फोन उचलायच्या अवस्थेत नसतो. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या तपासणीच्या यंत्राला फसवून धूर लपवत होत्या हे २०१५ मध्ये उघडकीला आलं. तोवर त्यांचे मालक गाडीच्या ताकदीवर बेहद्द खूश होते. जे दिसत नाही त्याची तक्रार होत नाही. आणि समृद्धी महामार्ग सेलू, वर्धा, आर्वी तालुक्यांतून जायला लागल्यापासून न दिसणाऱ्या गोष्टींची किंमत वाढली आहे. जुन्या नागपूर रस्त्यावर साठाने जाणारी गाडी तिथे शंभरच्या पुढे धावते.

आकड्यांच्या दुनियेतही या पाहण्यांची झाकली मूठ रायकेल्ड यांनीच आधी उघडली होती. १९९६ च्या एका लेखात त्यांनी नोंदवलं की अमेरिकी मोटारधंद्यात ८५ ते ९५ टक्के ग्राहक समाधानी असल्याचं सांगतात, आणि पुन्हा त्याच कंपनीची गाडी घेणारे सरासरी ४० टक्के. मधले सगळे समाधानाने दुसरीकडे गेले. याच गृहस्थांनी सात वर्षांनी दहा गुणांची नवी मोजपट्टी आणली, आणि आता शोरूममधली मुलं तिच्यासाठी पेढे वाटतात.

जिल्ह्यातल्या जुन्या माणसांची खरेदीची रीत निराळी होती. इथलं मूळ वाहन गौळाऊ बैल. आर्वी, आष्टी, कारंजा या भागातली ही पांढरी, चपळ जात. मराठ्यांच्या फौजेचं सामान वेगाने वाहून नेण्यासाठी ती जोपासली गेली, असं सांगतात. बाजारात बैल घेताना विकणाऱ्याला ‘तुमचे आधीचे ग्राहक किती समाधानी आहेत?’ असं विचारल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. दात मोजायचे, खूर पाहायचे, चालवून बघायचा, जमल्यास जुवाखाली धरायचा. मोटारीच्या बाबतीत त्याच डोक्याची माणसं आजही आपापल्या परीने तेच करतात. आर्वी नाक्याकडच्या एखाद्या मिस्त्रीला चहा पाजतात आणि विचारतात, तुझ्याकडे कोणती गाडी जास्त येते? मिस्त्री दहापैकी गुण देत नाही. तो म्हणतो, ‘‘गाडी मस्त हाये भाऊ, पन खालचे बुश आपल्या रोडले पुरत नाहीत. वर्षात दोन डाव माह्याकडे येते.’’ या एका वाक्यात तीन पाहण्या मावतात. मिस्त्रीचंही ऐकावं ते बेतानेच, कारण ज्या गाडीचा संगणक त्याला उघडता येत नाही ती त्याच्या लेखी भंगारच असते.

त्याहून खरा साक्षीदार भाड्याने गाडी चालवणारा. नागपूरच्या विमानतळावर, लग्नाच्या वरातीला, सेवाग्रामच्या दवाखान्यातून गावाकडे अशा फेऱ्या मारणारा माणूस वर्षाला इतरांच्या पाचपट अंतर तोडतो, डिझेलचा पैसा त्याच्या खिशातून जातो आणि गाडी दोन दिवस उभी राहिली तर हप्ता थकतो. त्याने दुसऱ्यांदा तीच गाडी घेतली असेल तर ते मत समजावं, पहिल्यांदा घेतली असेल तर नुसती खरेदी. आणि जुन्या गाडीचा भाव. पाच वर्षांनी त्या गाडीला बाजारात काय मिळतं, हा आकडा कुणाच्या आर्जवाने हलत नाही; घेणारा स्वत:चे पैसे मोजतो. किती गाड्या खरंच रस्त्यावर आल्या हे पाहायचं तर सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर वर्ध्याच्या एमएच-३२ चे आकडे महिन्यागणिक उघडे पडलेले असतात. टकरीचं उत्तरही आता घरचं आहे: १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झालं असून ज्या कंपन्या गाड्या आपटायला देतात त्यांचे तारे कुणालाही पाहता येतात. जी कंपनी देत नाही तिला का ते शोरूममध्येच विचारावं. उत्तर ऐकताना विक्रेत्याचा चेहरा पाहावा.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र मिस्त्री, ड्रायव्हर, पाहणी कुणाकडेच नसतं: कंपनी टिकेल का? शेवरोलेने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये गाशा गुंडाळायचं जाहीर केलं. त्यांचे मालक तोवर समाधानी होते, कित्येक अजूनही आहेत. फक्त हेडलाइट फुटला तर कुरियरची वाट पाहतात.

फोर्डवरून केरळमधल्या त्रिशूरची गोष्ट. तिथल्या एका ग्राहक महिलेने २०१४ मध्ये फोर्डची डिझेल गाडी घेतली. जाहिरातीत ॲव्हरेज बत्तीस सांगितलेलं. तिने समाधानाची प्रश्नावली भरण्याऐवजी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार भरली. तज्ज्ञाने गाडी चालवून पाहिली, ॲव्हरेज निघालं १९.६. २०२२ च्या अखेरीस आयोगाने तिला तीन लाखांवर भरपाई मंजूर केली. कंपनीने तोवर देशात गाड्या बनवणं थांबवलेलं होतं, पण निकाल निकालच.

तेव्हा चौकटीतल्या पहिल्या क्रमांकावर भरवसा ठेवायचा तो सर्व्हिसिंगपुरता ठेवावा, गाडीपुरता ठेवू नये. फोन आला आणि मनात सात असेल तर खुशाल सात सांगावं, मात्र का ते दोन वाक्यांत बोलावं. ती दोन वाक्यं निदान कुणाला तरी ऐकावी लागतात. विक्रेत्याचा पॉइंट कटत असेल तर त्याच्या मालकाशी त्याने भांडावं. आणि प्रकरण सातच्याही खाली गेलं, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वर्ध्यात राहणाऱ्याला वर्ध्याच्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कंपनी गुरुग्रामला असो की चेन्नईला. गाडी पन्नास लाखांपर्यंतची असली तरी चालते. पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी शुल्क २०० रुपये आहे.